टाकू? थांबा, आधी बघू!

मुलांनो, तुमच्या माळ्यावर एखादं जुनं खोकं आहे का? जाडजूड संगणक-पुस्तकं, चौकोनी फ्लॉपी, धुळकट सीडी असलेलं? आमच्याकडे होतं. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ते खाली आलं आणि मी म्हटलं, "बाबा, हे सगळं रद्दीत!"

खरंच, काय उपयोग त्याचा? नेहमीच्या फ्लॉपीत मावतं जेमतेम १.४४ एमबी. मोबाइलवरचा एक फोटोही बहुधा त्यात बसायचा नाही! १९९५ साली आलेलं 'विंडोज ९५' तेव्हा १३ फ्लॉपींवरही मिळे. त्याची पुस्तकं आज कोण वाचणार?

पण तीन फ्लॉपींवर बाबांचं अक्षर दिसलं : 'आईच्या ओव्या'. माझी आजी जात्यावर ज्या ओव्या म्हणायची, त्या बाबांनी १९९८ साली टाइप करून ठेवल्या होत्या. आजी आता नाही.

शेजारच्या काकांकडून फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह आणला. दोन फ्लॉपी उघडल्या. तिसरीला बुरशी लागली होती. ती गेली ती गेलीच. आणि उघडलेल्या फाइलींत काय? ओव्या नाहीतच, नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी!

असं का झालं? संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. तेव्हाचे बरेच मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर मराठी अक्षरं बसवत. फॉन्ट नसला, की इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. आज युनिकोडमध्ये 'अ'ला स्वतःचा आकडा आहे, २३०९. जगात कुठेही तोच!

मग तो जुना फॉन्ट कुठे होता? मी रद्दीत टाकलेल्या सीडीत! धावत गेले. नशीब, रद्दीवाला अजून यायचा होता. फॉन्ट घातला आणि पडद्यावर आजीची ओवी उमटली. बाबा काही बोलले नाहीत, चष्मा पुसत राहिले.

तेव्हा मुलांनो, माळा जरूर आवरा, पण असा :

१. आधी हाताने लिहिलेली लेबलं वाचा. घरच्यांनी केलेलं काम वेगळं काढा. विकतचं पुन्हा मिळेल, हे नाही मिळणार.

२. त्याची नक्कल दोन ठिकाणी ठेवा; मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. तोवर फॉन्टची सीडी टाकू नका.

३. मग पुस्तकं रद्दीत द्या. फ्लॉपी, सीडी ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. जाळू मात्र मुळीच नका, धूर विषारी असतो.

आणि हो, आवरताना आई-बाबांना, आजी-आजोबांना शेजारी बसवा. लेबलावरचं अक्षर कुणाचं, हे त्यांनाच ठाऊक असतं!