चार दिवसांत यंत्र, वर्षभराने उत्तर

मार्च २०२० चा तिसरा आठवडा. इटलीतील लोम्बार्डी प्रांतातल्या रुग्णालयांतून रोज वाईट बातम्या येत होत्या आणि लंडनमध्येही करोनाचे रुग्ण वाढू लागले होते. आपल्याकडे व्हेंटिलेटर किती, लागतील किती, याची मोजदाद प्रत्येक देशात चालू होती. त्या आठवड्यात युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचे अभियंते, तिथल्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील डॉक्टर आणि मर्सिडीजच्या फॉर्म्युला वन गाड्यांसाठी इंजिने बनवणाऱ्या कारखान्यातले लोक एकत्र बसले. डॉक्टरांनी व्हेंटिलेटर मागितला नाही. त्यांना हवे होते सीपॅप. पहिल्या बैठकीपासून शंभर तासांच्या आत पहिले यंत्र हातात आले.

सीपॅप म्हणजे काय, हे समजायला फुगा आठवावा. रिकामा फुगा फुगवताना पहिली फुंकर सर्वात जड जाते. थोडी हवा आत राहिली की पुढचे सोपे होते. फुप्फुसातील सूक्ष्म वायुकोशांचेही तसेच. न्यूमोनियात ते सुजतात, त्यांत पाणी साचते आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ते मिटू लागतात. मिटलेला कोश पुन्हा उघडायला रुग्णाला प्रत्येक श्वासाला जोर लावावा लागतो, आणि काही तासांत तो थकतो. सीपॅपचा घट्ट मास्क श्वास आत घेताना आणि सोडताना हवेचा दाब सतत ठेवतो, म्हणून कोश पूर्ण मिटत नाहीत. नवजात शिशूंच्या विभागात याचे साधे रूप पाहायला मिळते. बाळाच्या नाकातून येणाऱ्या नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवले की तेवढा दाब मिळतो आणि पाण्यातून बुडबुडे येत राहतात. मोठ्या माणसांच्या यंत्रात पाण्याऐवजी झडप असते, एवढाच फरक.

व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत नळी घालावी लागते, रुग्णाला झोपवून ठेवावे लागते आणि त्याच्याजवळ चोवीस तास प्रशिक्षित माणसे लागतात. सीपॅपवरचा रुग्ण जागा असतो, बोलतो, मधूनमधून पाणी पितो. इटलीतून येणाऱ्या प्राथमिक अहवालांत, सीपॅप लावलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना पुढे व्हेंटिलेटरची गरज पडली नाही, असे सांगितले जात होते. मात्र ब्रिटनच्या रुग्णालयांत ही यंत्रे पुरेशी नव्हती आणि बाजारात मिळत नव्हती.

शंभर तासांचे रहस्य असे, की या मंडळींनी नवा शोध लावलाच नाही. त्यांनी बरीच वर्षे वापरात असलेले, पेटंटची मुदत संपलेले एक साधे सीपॅप यंत्र निवडले. त्याला वीज लागत नाही. प्राणवायू एका बारीक छिद्रातून वेगाने सोडला की तो आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून घेतो. ते मिश्रण मास्ककडे जाते. अभियंत्यांनी जुने यंत्र उघडून प्रत्येक भाग मोजला, संगणकावर त्याचे चित्र उभे केले, प्रवाहाचे गणित तपासले आणि मग तो भाग धातूतून कोरून काढला. पेटंटची मुदत संपणे ही गोष्ट सहसा बातमी होत नाही. त्या आठवड्यात ती मोलाची ठरली.

पुढचे काम ब्रिक्सवर्थ गावातल्या इंजिन कारखान्याने केले. शर्यतीच्या गाड्यांत दर काही आठवड्यांनी सुधारणा करावी लागते, त्यामुळे आज सुचलेला बदल दोन दिवसांत धातूत उतरवणे ही तिथल्या लोकांची रोजची सवय. एरवी पिस्टन आणि टर्बोचार्जर बनवणारी चाळीस यंत्रे त्यांनी या कामाला लावली आणि दिवसाला हजार सीपॅप बनवण्याची क्षमता उभी केली. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी अशी दहा हजार यंत्रे तयार झाली.

कारखान्यांच्या भाषेत याला रॅपिड प्रोटोटायपिंग म्हणतात. साध्या शब्दांत, वस्तूचा पहिला नमुना झटपट बनवणे, तपासणे, चूक सुधारून लगेच दुसरा बनवणे. पूर्वी प्लास्टिकचा एखादा छोटा भाग करून पाहायचा, तर आधी आराखडा, मग टूलरूममध्ये साचा, मग ओतकाम अशी रांग असे. भाग हातात येईपर्यंत दीड-दोन महिने जात, आणि एखादे भोक चुकीच्या जागी निघाले की साचा पुन्हा करायचा. या दिरंगाईला कंटाळलेले अमेरिकी अभियंता चक हल यांनी १९८३ मध्ये एक युक्ती केली. ते अतिनील दिव्याने लेप घट्ट करणाऱ्या कंपनीत होते. द्रवरूप रसायनावर त्या प्रकाशाने आकृती काढली की तेवढाच भाग घट्ट होतो. असे थरावर थर चढवत त्यांनी वस्तू उभी केली. ती पहिली वस्तू म्हणजे डोळे धुण्याची छोटी वाटी होती. १९८६ मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि आज ज्याला थ्री-डी प्रिंटिंग म्हणतात त्याचा व्यवसाय सुरू झाला. जपानमधील नागोयाच्या हिदेओ कोदामा यांनी त्याआधीच असा प्रयोग केला होता. पण त्यांच्या पेटंटची प्रक्रिया पुरी झाली नाही आणि नाव मागे राहिले.

वैद्यकशास्त्राने हे तंत्र लवकर उचलले, कारण शरीराचे माप प्रत्येकाचे वेगळे. श्रवणयंत्राचा कानात बसणारा भाग आज बहुतेक ठिकाणी छापून निघतो. जबड्याच्या किंवा कवटीच्या गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेआधी सीटी स्कॅनवरून त्याच रुग्णाच्या हाडाचा नमुना काढून शल्यचिकित्सक हातात घेऊन पाहतात. पट्टी टेबलावरच वाकवून ठेवली की शस्त्रक्रियेत वेळ वाचतो.

लंडनच्या यंत्राकडे परत येऊ. पहिली यंत्रे रुग्णांना लावल्यावर एक अडचण ठळक झाली: ती प्राणवायू फार पीत होती. आपल्याकडचा मोठा सिलिंडर सुमारे ७,००० लिटर वायूचा असतो. मिनिटाला ६० लिटर वापरणाऱ्या यंत्राला तो दोन तासही पुरत नाही. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत सिलिंडरसाठी रात्र जागलेल्या महाराष्ट्रातल्या कुटुंबांना हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. अभियंत्यांनी काही दिवसांतच दुसरी आवृत्ती काढली. तिचा प्राणवायूचा वापर पहिलीच्या तुलनेत ७० टक्क्यांपर्यंत कमी होता. एप्रिल २०२० मध्ये तिचे सर्व आराखडे मोफत खुले करण्यात आले आणि शंभराहून अधिक देशांतून ते मागवले गेले. या तंत्राचे खरे बळ इथे दिसते. पहिला नमुना लवकर होतो याला महत्त्व आहेच, पण वॉर्डातली परिचारिका सोमवारी जी तक्रार करते ती पुढच्या सोमवारच्या यंत्रात दुरुस्त होऊन येते, याला जास्त.

त्याच दिवसांत ब्रिटन सरकारच्या हाकेला ओ देऊन दोन अन्य फॉर्म्युला वन संघांच्या अभियंत्यांनी साधा व्हेंटिलेटर तयार करायला घेतला. तोही वेगाने झाला. पण एप्रिलच्या मध्यापर्यंत डॉक्टरांच्या लक्षात आले, की करोनाच्या रुग्णाची फुप्फुसे तासातासाला बदलतात आणि व्हेंटिलेटरवर दाब, वेळ, प्रमाण सतत जुळवावे लागते. तो साधा नमुना त्याला पुरा पडला नसता. प्रकल्प थांबवण्यात आला. घरगुती उपकरणांसाठी प्रसिद्ध असलेल्या जेम्स डायसन यांनीही पदरचे सुमारे दोन कोटी पौंड घालून व्हेंटिलेटर बनवला. त्याचीही गरज पडली नाही. या दोन्ही ठिकाणी अभियंते कुठे कमी पडले असे नाही. नेमके काय हवे, हे आजाराने तोवर डॉक्टरांनाच पुरते कळू दिले नव्हते.

पुण्यात वेगळी अडचण होती. सौर पॅनेल पाण्याविना पुसणारे रोबो बनवणाऱ्या नोक्का रोबोटिक्स या तरुण कंपनीने टाळेबंदीत आयआयटी कानपूरच्या मदतीने व्हेंटिलेटर बनवायला घेतला आणि ९० दिवसांत वापरण्याजोगे उत्पादन उभे केले. एक नमुना चालवून दाखवणे वेगळे आणि शंभरावे यंत्रही पहिल्यासारखेच चालणे वेगळे. परदेशी सुटे भाग येणे बंद, वाहतूक बंद. अशा वेळी खास वैद्यकीय दर्जाची झडप कुठून आणायची? त्या ९० दिवसांतला मोठा वाटा अशा प्रश्नांनी खाल्ला.

आता मूळ प्रश्न. सीपॅपने रुग्णांना फायदा झाला का?

याचे उत्तर कारखाना देऊ शकत नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० ते मे २०२१ या काळात ४८ रुग्णालयांत १,२७३ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. प्राणवायू कमी पडणाऱ्या करोना रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत विभागणी करण्यात आली: काहींना सीपॅप, काहींना नाकातून उच्च प्रवाहाने प्राणवायू, बाकीच्यांना नेहमीचा साधा प्राणवायू. तीस दिवसांत नळी घालावी लागणे किंवा मृत्यू, असा निकष होता. सीपॅपच्या गटात हे प्रमाण ३६.३ टक्के, तर साध्या प्राणवायूच्या तुलनागटात ४४.४ टक्के निघाले. म्हणजे साधारण बारा रुग्णांना सीपॅप दिल्यावर त्यांतल्या एकाचा हा प्रसंग टळला. हा फायदा मुख्यतः नळी टळण्याचा होता. मृत्यूंच्या संख्येत ठोस फरक सिद्ध झाला नाही. आणि ज्या उच्च प्रवाहाच्या यंत्रांवर जगभर एवढा भर दिला गेला, त्यांचा साध्या प्राणवायूपेक्षा या निकषावर स्पष्ट फायदा दिसला नाही. चाचणीचा सविस्तर निबंध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला तो जानेवारी २०२२ मध्ये.

हा काळ कोणत्याही प्रिंटरने कमी होत नाही. नमुन्यातली चूक अभियंत्याला दुपारपर्यंत दिसते. तीस दिवसांनी रुग्ण कसा आहे, हे पाहायला तीस दिवसच लागतात, आणि फरक योगायोगाचा नाही असे म्हणायला शेकडो रुग्ण लागतात. हे काम महासाथीच्या गर्दीत, थकलेल्या डॉक्टर-परिचारिकांनी, नातेवाइकांकडून फोनवर संमती घेत केले. शंभर तासांच्या यंत्राची जगभर छायाचित्रे छापली गेली. या चाचणीचे नाव मात्र फारच थोड्यांना माहीत आहे.

घाई कुठे करू नये याचा धडा सांधेरोपणाने आधीच दिला होता. धातूवर धातू घासणारा खुब्याचा एक कृत्रिम सांधा मोठा गाजावाजा होऊन बाजारात आला. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तो टिकाऊ ठरला होता. पण त्या यंत्रात वाटी आदर्श कोनात बसवलेली असते. माणसात ती थोडी इकडेतिकडे बसते. मग कडेला घर्षण वाढते, कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सुटतात, आजूबाजूचे स्नायू खराब होतात आणि रक्तातही धातू वाढतो. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून मागे घेतला, तेव्हा सुमारे ९३ हजार लोकांच्या शरीरात तो बसलेला होता. भारतातही सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि कित्येकांना खुब्याची शस्त्रक्रिया पुन्हा करून घ्यावी लागली. भारतात वैद्यकीय उपकरणांसाठी स्वतंत्र नियम लागू झाले ते १ जानेवारी २०१८ पासून. तोवर बहुतेक उपकरणांवर नावापुरतेच नियंत्रण होते.

मुंबईत आयआयटीच्या पवई संकुलात २०१४ पासून चालू असलेल्या बेटिक या केंद्रात डॉक्टर आणि अभियंते एकत्र बसतात. राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने ते उभे राहिले. नागपूर आणि पुण्याच्या अभियांत्रिकी संस्थाही त्यात आहेत. तिथे आधी विचारले जाते, की डॉक्टरला अडते कुठे. मग नमुने. छातीतला आवाज मोठा करून नोंदवणारे, साध्या स्टेथोस्कोपला जोडता येणारे एक छोटे उपकरण अशा प्रयत्नांतून बाहेर आले. मात्र अशा केंद्रांत तयार होणाऱ्या नमुन्यांपैकी रुग्णाच्या खाटेपर्यंत थोडेच पोहोचतात. नमुन्यासाठी पैसा मिळतो, चाचणीसाठी मिळत नाही. सरकारी रुग्णालयांत रुग्ण भरपूर, पण बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेतून मान वर न करणाऱ्या डॉक्टरला चाचणीच्या नोंदी ठेवायला कोण मदतनीस देणार?

त्या ब्रिटिश चाचणीतच एक नोंद आहे, जी अभियंत्यांनी वाचावी. सीपॅपच्या गटात त्रासाच्या घटना इतर दोन्ही गटांपेक्षा जास्त होत्या. मास्क सहन होत नाही, घुसमटल्यासारखे होते, म्हणून काही रुग्ण तो काढून टाकतात. घट्ट बांधला तर दोन दिवसांत नाकाच्या हाडावर जखम होते, सैल ठेवला तर दाब टिकत नाही. बहुतेक रुग्णालयांत मास्क लहान, मध्यम आणि मोठा अशा तीन मापांत येतो. दात पडलेल्या, गाल बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर यातला एकही नीट बसत नाही.