कणखरपणाआडची वेदना

‘ती कणखर आहे, सारे निभावून नेईल,’ असे अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रीविषयी सहज म्हटले जाते. हा गौरवच अनेकदा तिच्या उपचारांच्या आड येतो.

गुलामगिरीच्या काळापासून दुःख गिळून कुटुंबासाठी उभे राहणे या स्त्रियांना भागच होते. संशोधक शेरिल वुड्स-गिस्कोम्बे यांनी २०१० मध्ये या मनोभूमिकेला ‘सुपरवुमन स्कीमा’ असे नाव दिले. भावना दडपणे, मदत नाकारणे आणि स्वतःआधी इतरांची काळजी वाहणे ही तिची लक्षणे होत. त्यामुळे नैराश्य अश्रूंऐवजी थकवा, चिडचीड किंवा अंगदुखीच्या रूपाने प्रकटू शकते आणि डॉक्टरांच्या नजरेतून निसटते.

वैद्यकशास्त्राविषयीचा त्यांचा अविश्वासही निराधार नाही. डॉ. जे. मॅरियन सिम्स यांनी १८४० च्या दशकात अलाबामा राज्यात अनार्का, बेट्सी व ल्युसी या गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील त्यांचा पुतळा हटण्यास २०१८ साल उजाडावे लागले. विषमता अद्यापही सरलेली नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४.५ गौरवर्णीय मातांचा मृत्यू झाला, तर कृष्णवर्णीय मातांमध्ये हे प्रमाण ५०.३ होते.

या पार्श्वभूमीवर मानसिक आघाताची जाणीव ठेवणारी उपचारपद्धती महत्त्वाची ठरते. ‘तुमचे काय बिघडले आहे?’ याऐवजी ‘तुमच्यावर काय बेतले?’ हा तिचा पहिला प्रश्न असतो. मानसिक आरोग्यविषयक अमेरिकी सरकारी यंत्रणेने २०१४ मध्ये तिची सहा तत्त्वे मांडली : सुरक्षितता, विश्वासार्हता, समदुःखींचा आधार, सहकार्य, रुग्णाचा निर्णयाधिकार आणि संस्कृती, इतिहास व लिंगभाव यांचे भान.

यातील शेवटचे तत्त्व कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत कळीचे आहे. वर्णद्वेषाचा अनुभव सांगणाऱ्या स्त्रीला ‘तुमचा गैरसमज झाला असेल’ असे सुनावले, तर जुनी जखम पुन्हा उघडी पडते. म्हणून समुपदेशकाने तो विषय स्वतःहून काढावा, प्रत्येक प्रश्नामागचा हेतू समजावून सांगावा आणि चर्च, मैत्रिणी, घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया या आधारांनाही उपचारात स्थान द्यावे, अशी अपेक्षा असते.

आपल्यासारखाच समुपदेशक शोधणे सोपे व्हावे, म्हणून मानसतज्ज्ञ जॉय हार्डन ब्रॅडफर्ड यांनी २०१४ मध्ये ‘थेरपी फॉर ब्लॅक गर्ल्स’ हा उपक्रम सुरू केला. मात्र अशा समुपदेशकांची संख्या अपुरी असल्याने इतर वर्णाच्या तज्ज्ञांनीही हे भान अंगी बाणवणे अपरिहार्य आहे. ‘मी ठीक आहे’ या उत्तरावर न थांबता पुढचा प्रश्न विचारणे, ही त्याची सुरुवात ठरू शकेल.