पानातून रोप

पेणहून नागोठण्याकडे निघाले की वाटेत गडब लागते. या बाजूला पावसाळ्यात अंगणात पाणी साचते, आणि चैत्र-वैशाखात खारेपाटातल्या बायकांना हंडाभर गोड्या पाण्यासाठी वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी हौसेची बाग करा, असे कोणी म्हटले तर घरातली माणसे हसतील. पण पेलाभर पाण्यावर आठवडा काढणारी झाडेही आहेत, आणि त्यांची रोपे विकत आणावी लागत नाहीत. एक पान मिळाले की पुरे.

यातली आपल्या ओळखीची म्हणजे पानफुटी. ही मूळची मादागास्कर बेटातली, पण आता कोकणात गडग्यागडग्यावर दिसते. तिच्या पानाच्या कडेला खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक कोंब निजलेला असतो. पान झाडावर असेपर्यंत तो सहसा जागा होत नाही. देठ तुटला, पान मातीवर पडले, की दहा-पंधरा दिवसांत त्याला मुळे आणि इवली पाने फुटू लागतात.

पाण्यावाचून हे कसे जमते? इतर झाडे दिवसा पानांची सूक्ष्म तोंडे उघडतात आणि उन्हात त्यांचे पाणी उडून जाते. पानफुटी ती तोंडे रात्री उघडते. रात्री घेतलेली हवा ती आम्लाच्या रूपाने साठवते आणि दिवसा वापरते. म्हणून तिचे पान सकाळी आंबट असते, दुपारपर्यंत तो आंबटपणा जातो. ही गोष्ट बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हिंदुस्थानातच टिपली. त्याचे पत्र 1815 मध्ये लंडनला छापले गेले. आपण मात्र चव पाहू नये. हे झाड विषारी आहे. गुरे-शेळ्यांच्या तोंडी लागू देऊ नये.

आता कृती पाहू. पानफुटीचे जून, निरोगी पान घ्या. बाजारात मिळणाऱ्या गुलाबाच्या फुलासारख्या जाड पानांच्या झाडांचे पान मात्र हलके वळवून बुडापासून अखंड काढा, कारण त्यांचा कोंब बुडाशीच फुटतो. मग ते दोन-चार दिवस सावलीत नुसते ठेवा. जखमेवर खपली धरली पाहिजे. ओल्या जखमेतून बुरशी शिरते आणि पान कुजते.

भोक पाडलेली करवंटी घ्या. तिच्यात तांबडी माती आणि तितकीच नदीची वाळू भरा. खाडीची वाळू नको, तिच्यात मीठ असते. भाताला मानवणारी चिकट मातीही नको, ती पाणी धरून ठेवते. पान वर आडवे ठेवा, पुरू नका.

मग पाणी कधी घालायचे? मुळे दिसल्यावर, तेही माती कोरडी झाली तरच. पानात स्वतःची शिदोरी असते. रोप वाढेल तसे जुने पान सुरकुतते. ते ओढून काढू नका, आपोआप गळेल.

हे काम दिवाळीनंतर करावे. आषाढ-श्रावणात करायचेच असेल तर पागोळ्यांपासून दूर, ओटीवर करा. आणि कोरफडीवर हा प्रयोग नको. तिचे पान मातीत कुजते. तिची वाढ बुंध्याशी येणाऱ्या पिलांपासूनच करावी.

बहुतेकांची पाने पाणी कमी पडून मरत नाहीत, जास्त मायेने मरतात. हंड्यातले पाणी घरासाठी राखा. पानाला थोडे विसरा.