माळ मोकळा राहू द्या

जुलै उजाडला की माळावर झाडांसाठी खड्डे पडू लागतात. सोलापूर, अहिल्यानगर, बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. माती वीतभर, खाली मुरूम. तरी तिथे गिरिपुष्प लावायचं, सुबाभूळ लावायची आणि हिरवाई झाली म्हणायचं! माळ म्हणजे तोडलेलं जंगल, हा समज त्यामागे आहे.

तो चुकीचा आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुनं मराठी वाङ्मय आणि लोककथा चाळून त्यांतल्या रानवनस्पती शोधल्या. त्यांतल्या बहुतेक उघड्या, गवताळ मुलखातल्या निघाल्या. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचा हा माळ निदान साडेसातशे वर्षं माळच आहे. पंढरपूरच्या देवळातलं कान्होपात्रेचं तरटीचं झाड आठवा. तेही याच रुक्ष मुलखातलं.

मग हा माळ राखायचा कसा? आधी गवत ओळखायला हवं. शेडा, मारवेल, पवन्या ही चवीची, बहुवर्षायू गवतं. जनावरं ती आधी खातात. चराई बेसुमार झाली की तीच आधी नाहीशी होतात आणि कुसळीचं फावतं. कुसळीचं बी पाहण्यासारखं असतं. टोकाला अणकुचीदार, मागे लांब केसासारखी शेपटी. दंवाने भिजली की ती उलगडते, उन्हाने सुकली की पीळ घेते आणि बी मातीत गिरमिटासारखं घुसत जातं. मेंढीच्या लोकरीतून ते कातडीतही शिरतं. म्हणून कुसळी कोवळी असतानाच चारायची किंवा कापायची.

मात्र चराई अजिबात नको, हेही खरं नाही. गवताची वाढ बुडाशी होते, शेंडा खुडला तरी ते फुटतं. वर्षानुवर्षं कुणीच चारलं-कापलं नाही तर वाळलेल्या गवताचा थर साचतो, नवे कोंब गुदमरतात आणि वणव्याला आयतं सरपण मिळतं. कुरणाचे तीन-चार भाग पाडायचे, दर पावसाळ्यात एक भाग बी गळेपर्यंत राखायचा, उरलेल्यांत आळीपाळीने कळप फिरवायचा, आणि कुठेही निम्म्याहून जास्त गवत खाऊ द्यायचं नाही. कुरणशास्त्र सांगतं ते थोडक्यात एवढंच.

धनगरांच्या फिरस्तीत हे आपसूक होत असे. दिवाळीनंतर वाडे, म्हणजे कुटुंबांचे तांडे, कोकणाकडे उतरायचे, वाटेत शेतकरी खतासाठी मेंढरं शेतात बसवून घ्यायचे, मृगाच्या सुमाराला कळप देशावर परत. मधले कित्येक महिने माळाला उसंत. आता वाटांवर ऊस आला, कुंपणं आली. कळप उरल्यासुरल्या तुकड्यांवर जास्त दिवस राहतात, आणि बेसुमार चराईचा ठपका मात्र मेंढपाळावरच.

हिवरे बाजारने चराईबंदी करून, गवत कापून नेऊ देऊन डोंगर सावरले. पण एका गावाची बंदी फिरत्या कळपाला शेजारच्या गावात लोटते, ही बाजू त्या कौतुकात राहून जाते.

सरकारी संरक्षणाची कथा याहून विचित्र. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं, गावं-शेतं-शहरांसकट. साहजिकच लोक वैतागले, आणि पुढे ते सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. दरम्यान त्याच माळावर गिरिपुष्पाची लागवडही झाली. माळढोकाला लांबवर नजर पोचेल असा उघडा माळ लागतो, लागवडीचं रान नव्हे. आज महाराष्ट्रातून तो जवळजवळ गेला आहे.

कच्छच्या बन्नीतही हेच. खारटपणा रोखायला १९६०च्या दशकात वेडी बाभूळ पेरली. तिने कुरणाचा मोठा भाग गिळला. आता तिथले मालधारी पशुपालक ती उपटून गवत परत आणू पाहताहेत.

माझं मत स्पष्ट आहे: लागवडीचा पैसा सुबाभूळ-गिरिपुष्प काढायला, गवताचं बी पेरायला आणि कळपांच्या वाटा मोकळ्या करायला वळवावा, आणि चराईच्या वाटपाचं वेळापत्रक मेंढपाळांसोबत बसून ठरवावं. कायद्याची अडचण नाही. २००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये वनजमिनीवर भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिला आहे. त्यासाठी दावा ग्रामसभेत दाखल करावा लागतो.