मोफत आणि मुक्त : सर्किट बोर्डाच्या साध्या प्रतिकृतींसाठी आज्ञावलीची निवड

इंग्रजीतील 'फ्री' या विशेषणाने दोन निराळ्या कल्पनांचा बोध होतो. जिचे मूल्य द्यावे लागत नाही ती वस्तू 'फ्री', आणि जिच्या वापरावर बंधन नाही तीही 'फ्री'च. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून हा भेद इंग्रजी वाचकांस वारंवार समजावून द्यावा लागला आहे. मराठीत 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन स्वतंत्र शब्द असल्यामुळे वस्तुतः ही अडचण उद्भवू नये. तथापि प्रयोगशाळेसाठी संगणकाच्या आज्ञावली निवडताना हा भेद विसरला जातो, आणि मोफत मिळाले म्हणजे मुक्तही मिळाले असा समज होतो. सर्किट बोर्डाचे आराखडे करणाऱ्या आज्ञावलींच्या बाबतीत हा समज किती महाग पडू शकतो, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने सर्किट बोर्डाचा विचार का करावा, अशी शंका येथे स्वाभाविक आहे. एका उदाहरणाने तिचे निरसन होईल. 'म्हैस', 'न्हावी' यांसारख्या शब्दांच्या आरंभी येणारे महाप्राणयुक्त नासिक्य व्यंजन हा एक ध्वनी मानावा की दोन ध्वनींचा संयोग मानावा, हा मराठीच्या वर्णव्यवस्थेसंबंधीचा परिचित प्रश्न आहे. नाक व मुख यांवाटे बाहेर पडणाऱ्या हवेचा प्रवाह स्वतंत्रपणे मोजला, तर महाप्राणत्व नासिक्याबरोबरच सुरू होते की त्याच्या पाठोपाठ, यासंबंधी काही पुरावा हाती येतो. अशा मापनासाठी हवेचा दाब टिपणारा सेन्सर, त्याचा क्षीण संकेत वाढविणारा ॲम्प्लिफायर आणि अनावश्यक थरथर वगळणारी गाळणी एवढ्या सामग्रीचा एक लहानसा बोर्ड पुरेसा होतो.

आता या गाळणीत १० किलोओहमचा रेझिस्टर व १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर तिचा कालस्थिरांक १० मिलिसेकंद होतो. म्हणजे हवेचा प्रवाह एकाएकी वाढला तरी आलेखावरील रेषा आपल्या अंतिम पातळीच्या सुमारे ६३ टक्क्यांपर्यंत पोहोचण्यास १० मिलिसेकंद घेते. तोच कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा असेल, तर हा विलंब १ मिलिसेकंदावर येतो. ज्या प्रश्नाचा निकाल काही मिलिसेकंदांच्या पौर्वापर्यावर अवलंबून आहे, तेथे दिसणारा विलंब वक्त्याच्या उच्चाराचा की उपकरणाचा, हे त्या एका कपॅसिटरच्या मूल्यावरून ठरते. तेव्हा बोर्डाचा आराखडा हा पुराव्याचाच एक भाग होय. दहा वर्षांनी दुसऱ्या संशोधकास तो उघडता आला नाही, तर मूळ निष्कर्षाची फेरतपासणी करण्याचा मार्गच खुंटतो.

२. 'मॉडेल' या शब्दाचे अर्थ

सर्किट बोर्डाचे 'मॉडेल' असे म्हणताना निदान चार गोष्टी अभिप्रेत असतात. पहिली, कोणता घटक कोणत्या घटकास जोडला आहे हे दाखविणारी संबंधाकृती. दुसरी, प्रत्यक्ष फलकावर घटकांची जागा आणि तांब्याच्या रेषांचे मार्ग ठरविणारी मांडणी. तिसरी, बोर्ड पेटीत बसेल की नाही हे पाहण्यासाठी केलेली घनाकृती प्रतिकृती. चौथी, मंडलाचे वर्तन गणिताने वर्तविणारे प्रतिमान; याचा उगम बर्कली येथील विद्यापीठात १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्पाइस' या आज्ञावलीत आहे.

पहिल्या दोहोंमधील संबंध भाषाभ्यासकास विशेष लवकर उमगेल. संबंधाकृतीत घटकांचे परस्परसंबंध तेवढे सांगितलेले असतात; अंतर, दिशा व जाडी यांना तेथे अर्थ नसतो. मांडणीत तेच संबंध भौतिक रूप घेतात, आणि एकाच संबंधाकृतीच्या अनेक मांडण्या शक्य असतात. वाक्याची रचना आणि त्याचे उच्चारित रूप यांमधील भेदाशी याचे साम्य आहे. अर्थात हे साम्य फार ताणणे इष्ट नाही. परंतु चांगल्या आज्ञावलीत दोन्ही पातळ्या वेगळ्या असाव्यात व त्यांतील विसंगती आज्ञावलीनेच दाखवून द्यावी, ही अपेक्षा त्यातून स्पष्ट होते.

३. उपलब्ध आज्ञावली

या अपेक्षेस सर्वाधिक उतरणारी आज्ञावली म्हणजे कायकॅड होय. फ्रान्समधील ग्रनोबल येथे अध्यापन करणारे झाँ-पिएर शारा यांनी ती १९९२ मध्ये सुरू केली. २०१३ पासून सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेने तिच्या विकासास हातभार लावला आणि २०१९ मध्ये ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आली. तिचा परवाना ग्नूच्या सार्वजनिक परवान्याचा असून बोर्डाचा आकार अथवा उपयोगाचा हेतू यांवर तीत मर्यादा नाही. संबंधाकृती, मांडणी आणि घनाकृती दर्शन ही तिन्ही अंगे तीत आहेत. २०१८ च्या पाचव्या आवृत्तीपासून एनजीस्पाइसच्या साहाय्याने चौथेही अंग जोडले गेले आहे. घनाकृती प्रतिकृती 'स्टेप' या आंतरराष्ट्रीय मानकाच्या स्वरूपात बाहेर काढता येते आणि फ्रीकॅडसारख्या मुक्त आज्ञावलीत पेटीचे रेखन करताना उपयोगी पडते. नवशिक्यास मात्र ती प्रारंभी काहीशी कठीण वाटते.

फ्रिट्झिंग ही जर्मनीतील पोट्सडाम येथील उपयोजित विद्यांच्या विद्यापीठात जन्मलेली आज्ञावली. तीत ब्रेडबोर्ड, वायरी व घटक जसे डोळ्यांना दिसतात तसेच चित्रित होतात. ज्या विद्यार्थ्याने रेझिस्टर प्रथमच हातात घेतला आहे, त्याच्यासाठी तिच्याइतके सुगम साधन क्वचितच आढळेल. लेखाच्या आरंभी केलेल्या भेदाचे ती उत्तम उदाहरणही आहे. तिची मूळ संहिता मुक्त आहे. परंतु अधिकृत संकेतस्थळावरून तयार आज्ञावली उतरवून घेण्यास थोडे मूल्य द्यावे लागते. म्हणजे ती मुक्त आहे, पण त्या रूपात मोफत नाही. अनेक घटकांचा दाट बोर्ड करण्यास मात्र ती अपुरी पडते.

लिब्रेपीसीबी ही तुलनेने नवी आज्ञावली स्वित्झर्लंडमध्ये आकारास आली व २०२३ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. घटकांच्या संग्रहाची शिस्तबद्ध रचना हे तिचे वैशिष्ट्य. प्रत्येक घटकास कायमचा ओळखक्रमांक असतो आणि त्याचे नाव अनेक भाषांत नोंदविण्याची सोय असते. मराठी परिभाषेचा विचार करणाऱ्यांनी या सोयीकडे अवश्य लक्ष द्यावे. तिचा घटकसंग्रह कायकॅडच्या मानाने लहान आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने उल्लेखनीय अशी चौथी आज्ञावली म्हणजे 'ई-सिम'. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील 'फॉसी' प्रकल्पाने कायकॅड, एनजीस्पाइस इत्यादी मुक्त साधने एकत्र गुंफून ती सिद्ध केली. वर्तनाचे प्रतिमान ज्यांस प्रामुख्याने हवे आहे, त्यांना ती सोयीची होय.

४. मोफतपणाचा धडा

ईगल या आज्ञावलीचा इतिहास येथे बोधप्रद ठरतो. १९८८ मध्ये जर्मनीत निघालेली ही आज्ञावली हौशी अभ्यासक व शिक्षणसंस्था यांत दीर्घकाळ लोकप्रिय होती, कारण तिची मर्यादित आवृत्ती मोफत मिळे. २०१६ मध्ये ती ऑटोडेस्क या कंपनीकडे गेली. २०१७ पासून परवाना वर्गणीच्या पद्धतीवर आला, आणि मोफत आवृत्तीत दोन थर व ८० चौरस सेंटिमीटर क्षेत्र ही मर्यादा राहिली. २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले की ७ जून २०२६ नंतर ही आज्ञावली चालू ठेवली जाणार नाही. यात कोणी कोणाची फसवणूक केली असे नव्हे. ज्याची वस्तू, त्याचा तिच्यावर अधिकार, एवढाच याचा अर्थ. परंतु वापरणाऱ्यांजवळ मोफतपणा होता, मुक्तता नव्हती.

या आराखड्यांचे जतन शक्य झाले ते एका निराळ्या कारणाने. २०१२ च्या सुमारास ईगलच्या फायली वाचनीय मजकुराच्या स्वरूपात आल्या होत्या, म्हणूनच कायकॅडला त्या पुढे वाचता आल्या. यावरून निवडीची दुसरी कसोटी हाती येते : परवान्याइतकेच महत्त्व फाइलीच्या लिपीला आहे.

कायकॅडच्या फायली साध्या मजकुराच्या असून कंसांत कंस घालून रचलेल्या असतात. ही पद्धती लिस्प या संगणकभाषेतून आली. वाक्याचे घटक कंसांनी दाखविणाऱ्या भाषाभ्यासकास ती परकी वाटणार नाही. कोणत्याही साध्या संपादकात अशी फाइल उघडून कपॅसिटरचे मूल्य डोळ्यांनी वाचता येते, आणि दोन आवृत्त्यांतील फरक ओळीगणिक ताडून पाहता येतो. आज्ञावली उद्या लुप्त झाली तरी नोंद मुकी होत नाही.

५. निवड व दक्षता

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की पहिल्या ओळखीच्या पाठांसाठी फ्रिट्झिंग, आणि संशोधनाच्या नोंदीचा भाग होणाऱ्या प्रत्येक बोर्डासाठी कायकॅड किंवा लिब्रेपीसीबी, अशी विभागणी युक्त ठरेल. एकाच आज्ञावलीचा आग्रह धरणे आवश्यक नाही.

मुक्त आज्ञावलीनेही सर्व चिंता मिटते असे मात्र नाही. कायकॅडच्या नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही; म्हणून आवृत्तीचा क्रमांक आराखड्यासोबत नोंदवावा. सहाव्या आवृत्तीपासून संबंधाकृतीतील चिन्हे फाइलीतच साठविली जातात, परंतु घटकांच्या घनाकृती बाहेरच्या संग्रहावर अवलंबून राहत. त्या सोबत बांधण्याची सोय २०२५ च्या नवव्या आवृत्तीत झाली. निर्मात्याकडे जाणाऱ्या गर्बर फायली, संबंधाकृतीची छापील प्रत आणि 'स्टेप' स्वरूपातील घनाकृती ही तिन्ही मूळ फायलींच्या शेजारी ठेवावीत. शेवटी, डाख देताना एखादा घटक बदलला असल्यास तो बदल आराखड्यातही त्याच दिवशी करावा. फलकावर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि आराखड्यात १ मायक्रोफॅरडचा, ही चूक कोणतीही आज्ञावली शोधून देऊ शकत नाही. आणि 'म्ह' एक ध्वनी की दोन, याचे उत्तर तेवढ्यानेही चुकू शकते.