बहात्तर तास, बहात्तर दिवस

संपादकांनी मला पेणला धाडलं होतं ते गणपतीच्या कारखान्यांवर लिहायला. एका कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराशी बोलत होते, तेवढ्यात त्याच्या मागच्या फळीवर काचेची एक पेटी दिसली. आत दोन क्लाउनफिश, खाऱ्या पाण्यातले आणि अगदी ठणठणीत. कुठून आणले म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "खारेपाटात आमचा एक दोस्त आहे. मासे आणतो, महिनाभर आपल्याकडे ठेवतो आणि मग देतो. कितीही मागा, आधी देत नाही." मूर्तींवरचा लेख त्या दिवशी राहिला तो राहिलाच.

एवढी ओढ वाटायला कारण होतं. काही वर्षांपूर्वी रोह्याच्या घरी मीही खाऱ्या पाण्याची टाकी मांडली होती. मुंबईच्या एका दुकानातून पाच मासे आणले आणि पिशवीतून थेट टाकीत सोडले. आठव्या दिवशी एकाच्या परावर साखरेच्या कणांसारखे पाच-सहा ठिपके दिसले. दोन दिवसांत ते आपोआप गेले, म्हणून मी निर्धास्त झाले. त्यानंतरच्या आठवड्यात पाचही मासे गेले. ठिपके गेले म्हणजे आजार गेला, ही समजूत किती चुकीची होती ते मला खारेपाटातल्या त्या दोस्ताच्या शेडमध्ये कळलं.

वडखळच्या अलीकडे खाडीच्या बाजूला वळलं की जमीन सपाट होत जाते. बांध, बांधापलीकडे खारफुटी, आणि घराघरापुढे जिताडा माशाचं तळं. हाच खारेपाट. शेड याच भागात, घराच्या मागच्या अंगाला. मालकांनी नाव छापू नका असं सांगितलं, म्हणून इथे त्यांना नुसतं दादा म्हणते. वय पन्नाशीच्या पुढे. लहानपण वडिलांबरोबर मिठागरात गेलं, पुढे बरीच वर्षं त्यांनी कोळंबीच्या तळ्यांवर काम केलं. मिठाचं पाणी त्यांना नुसत्या बोटाच्या चवीवर कळतं, तरी हातात रिफ्रॅक्टोमीटर असतोच. "जीभ मला फसवेल ताई, हा फसवत नाही," असं म्हणून त्यांनी भिंगावर पाण्याचा थेंब टाकला आणि मला बघायला लावलं. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची सीमा ३५ वर होती. दर लिटर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे खुल्या समुद्राइतकं पाणी.

मिठागर इतकं जवळ असताना विकतचं मीठ कशाला, हा माझा पहिला प्रश्न होता. दादांनी उत्तर वडिलांच्या धंद्यातून दिलं. समुद्राचं पाणी आटताना आधी जिप्सम तळाला बसतं, मग खायचं मीठ धरतं, आणि मॅग्नेशियमचे क्षार शेवटच्या कडू पाण्यात राहून जातात. ते पाणी मिठागरवाले बाहेर सोडून देतात. मिठागरातलं मीठ पुन्हा पाण्यात विरघळवलं तर खारं पाणी होतं, समुद्र होत नाही. खरं समुद्राचं पाणी आणायचं तर खाडीचं चालत नाही, ऋतूप्रमाणे त्याचा खारटपणा बदलतो. म्हणून मत्स्यालयांसाठी बनवलेलं मिश्र मीठ पोत्याने आणावं लागतं.

कोळंबीवाले आणि मासेवाले दोघेही आपापल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या आजाराला 'व्हाइट स्पॉट' म्हणतात, आणि त्यातून घोटाळा होतो. कोळंबीचा व्हाइट स्पॉट हा विषाणू आहे. १९९४-९५ मध्ये त्याने देशाच्या किनाऱ्यावरची तळीच्या तळी बसवली. २००९ मध्ये व्हेनामी कोळंबीला परवानगी मिळाली, तेव्हा बाहेरून येणाऱ्या मादी-नरांसाठी चेन्नईजवळ नीलांकराईला सरकारी विलगीकरण केंद्रही उभं राहिलं. दादांनी कोळंबीचा तो काळ तळ्यावर काढला आहे, आणि नवीन जीव थेट जुन्या पाण्यात सोडायचा नाही हे ते तिथेच शिकले. माशांवरचा पांढरा ठिपका मात्र वेगळ्या जीवाचा आहे. तो एकपेशीय, केसाळ, डोळ्याला जेमतेम दिसणारा परजीवी. त्याचं शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरियॉन इरिटान्स, आणि ते नाव त्याला ब्राउन या संशोधिकेने दिलं १९५१ मध्ये. मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं तेही त्याच वर्षी. मुंबईकरांना काचेमागचा समुद्र दिसू लागला त्याच वर्षी त्या काचेमागच्या शत्रूला नाव मिळालं, ही जोडी मला विसरता येत नाही.

मी शेडमध्ये सर्वांत जास्त वेळ काढला तो या जीवाचं वेळापत्रक समजून घेण्यात. माशावर दिसणारा ठिपका म्हणजे कातडीखाली बसून खाणारा परजीवी. तिथे तो तीन ते सात दिवस असतो आणि अर्ध्या मिलिमीटरपर्यंत फुगतो. पोट भरलं की मासा सोडतो, बहुतेक वेळा अंधारात. मग तळाच्या वाळूवर, दगडावर, नळीच्या आतल्या बाजूला चिकटून भोवती कवच बांधतो. माझ्या टाकीतले ठिपके गेले होते ते इथे. कवचाच्या आत एकाचे दोन, दोनाचे चार होत शेवटी दोनशेच्या आसपास पिल्लं तयार होतात. कवच फुटलं की त्यांना दिवस-दीड दिवसात मासा सापडावा लागतो, नाहीतर ती मरतात. म्हणजे औषधाने मारता येतील अशी ती फक्त या पोहण्याच्या टप्प्यावर. माशाच्या कातडीत औषध पोहोचत नाही, आणि कवचातही पोहोचत नाही.

खरा हट्टीपणा कवचाच्या मुदतीत आहे. एकाच रात्री चिकटलेल्या कवचांपैकी काही तीन दिवसांनी फुटतात, काही महिन्याने, आणि पाणी थंड असेल तर बहात्तराव्या दिवशी फुटलेलं कवचही अभ्यासकांनी नोंदवलं आहे. सगळे एकदम बाहेर आले असते तर एका फटक्यात संपले असते. ते मुक्काम वाटून घेतात. म्हणून टाकीत एकदा रोग शिरला की मासे काढून टाकी अडीच महिने रिकामी चालवावी लागते. बऱ्याच जणांनी ७६ दिवसांचा आकडा धरला आहे.

पण सर्वांत घाईचं कवचही तीन दिवसांच्या आत फुटत नाही. दादांची सगळी कला या एका फटीत उभी आहे. इस्रायलमध्ये एलात इथे कोलोर्नी या संशोधकाने १९८० च्या दशकात ही फट वापरली. मासा दर तीन दिवसांनी स्वच्छ पाण्यात हलवायचा, चार वेळा. दर वेळी जुन्या टबात पडलेली कवचं तिथेच राहतात, मासा पुढे निघून जातो. बाराव्या दिवसापर्यंत अंगावरचा शेवटचा परजीवीही उतरलेला असतो, आणि त्यांच्या पिल्लांना मासाच मिळत नाही. औषधाचा थेंबही लागत नाही.

मी गेले त्या संध्याकाळी एका ब्लू टँगची तिसरी बदली होती. हा मासा ठिपक्यांचा पहिला बळी म्हणून प्रसिद्ध आहे. बंदिस्त जागी त्याची पैदास पहिल्यांदा साधली ती २०१६ मध्ये फ्लोरिडात, त्यामुळे बाजारातले बहुतेक अजून प्रवाळबेटांवरून पकडून आणलेलेच. दोन टब, एकावर खडूने 'काळा', दुसऱ्यावर 'निळा'. काळ्याची भांडी, हवेचा दगड, लपायला दिलेला प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा, सगळं काळ्याचंच. दादांनी जाळी घेतली नाही, जाळीच्या विणीत पाणी आणि गाळ अडकून येतो. एक पारदर्शक बरणी बुडवली, मासा शांतपणे आत येईपर्यंत थांबले, पाणी जवळजवळ सगळं ओतून दिलं आणि मासा निळ्यात सोडला. हे सगळं मिनिटभरात झालं. टँग कोपऱ्यात गेला, रंग फिकट झाला, पाच मिनिटांनी पाइपातून तोंड बाहेर काढून बघू लागला. काळा टब त्याच वेळी अंगणात उलटा पडला, दुसऱ्या दिवशीच्या उन्हासाठी. कवच पाण्यात हट्टी असतं, पण पूर्ण वाळलं की टिकत नाही.

दोन टबांमध्ये दहा-बारा फुटांचं अंतर होतं. ते का, तर पाण्याच्या तुषारांतूनही रोग उडतो. अमायलूडिनियम नावाच्या दुसऱ्या एका परजीवीबाबत २००६ मध्ये हे प्रयोगातून दिसलं, आणि वाऱ्याच्या झोतात ते अंतर तीन मीटरपर्यंत गेलं.

मग दादा जिताड्यावर आले. खारेपाटात जन्मलेल्या माणसाला जिताड्याखेरीज पाणी समजावता येत नाही, असं मला वाटू लागलं आहे. जिताडा खाऱ्या पाण्यात जन्मतो, गोड्यात वाढतो, दोन्हीकडे जगतो. पावसाळ्यात अंबा आणि भोगावतीचं पाणी धरमतरच्या खाडीत उतरतं आणि खाडी चार महिने निमखारी होते. क्लाउनफिशला गोडं पाणी मारतं, पण निमखारं नाही. समुद्री माशाच्या रक्तातले क्षार समुद्राच्या साधारण एक तृतीयांश. ३५ च्या पाण्यात तो आयुष्यभर पाणी पितो आणि कल्ल्यांतून मीठ बाहेर टाकत राहतो. पाणी हळूहळू १५ वर आणलं तर त्याचं ते काम हलकं होतं, आणि ठिपक्याच्या परजीवीला मात्र तो कमी खारटपणा झेपत नाही. जिताड्याच्या तळ्यात आपल्या बापजाद्यांनी हे कधी मोजलं नव्हतं, दादा ते भिंगावर मोजतात. १६ च्या वर गेलं तर परजीवी तगतो. फार खाली उतरलं तर मासा लडखडतो. उतरवायला दोन दिवस, परत चढवायला त्याहून सावकाश.

दोन उपाय झाले म्हणून निवांत बसावं, तर अमायलूडिनियम, म्हणजे 'वेल्वेट', उभा असतो. तो निमखाऱ्या पाण्यातही मजेत राहतो. अंधारात माशावर कडेने टॉर्च मारली की अंगावर सोनेरी धूळ चमकते, तीच त्याची खूण. तो कल्ल्यांत शिरतो, आणि धूळ अंगावर दिसेपर्यंत अनेकदा वेळ निघून गेलेली असते. त्यावर तांबं चालतं, लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. त्याखाली निरुपयोगी, थोडं वर गेलं की माशालाच विष. वाळू आणि प्रवाळाचे दगड तांबं शोषून घेतात, म्हणून टबात वाळू-दगड ठेवायचे नाहीत आणि दिवसातून दोनदा मोजायचं. शेडमध्ये एकाच टबावर लाल कापड बांधलेलं होतं. तो तांब्याचा. त्याचा कप दुसऱ्या कुठल्याही टबात जात नाही.

इथपर्यंत दादा रंगून बोलत होते. पाण्याचा विषय निघाला आणि आवाज खाली आला. बदलीच्या पद्धतीला दर तीन दिवसांनी नवं पाणी लागतं, त्यासाठी गोडं पाणी आधी हवं. हेटवणे धरण याच तालुक्यात आहे आणि त्याचं पाणी नवी मुंबईकडे जातं. इकडे खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. "घरात हंडा मोजून भरायचा आणि शेडमध्ये माशाला नव्वद लिटर द्यायचे, हे मला जड जातं," दादा म्हणाले. पावसाळ्यात ते पत्र्याचं पाणी साठवतात. एप्रिल-मे मात्र फार कमी मासे घेतात. मला हे ऐकून वाईट वाटलं, आणि त्यांच्याविषयी आदरही वाढला.

पाऊस आला की वीज जाते. हवेचा पंप थांबला तर टबात पाच-सहा तासही कठीण होतात. एक बॅटरीवरचा पंप आहे, त्यावर एकच टब चालतो. कुठला चालवायचा, हे त्या रात्री ठरवावं लागतं.

तांब्याचं पाणी खाडीत टाकायचं नाही हा दादांचा नेम. खाडीवर कोळंबीची तळी पाणी ओढतात आणि कोळंबीला तांबं माशाहून फार लवकर बाधतं. ते पिंपात शिंपल्यांचा चुरा घालून साठवतात, चुन्याच्या क्षाराला तांबं चिकटून बसतं. पिंपं वाढत चालली आहेत, जागा नाही.

सर्वांत अवघड गिऱ्हाईक. महिनाभर राखलेला मासा महाग पडतो, आणि दिसायला कालच उतरलेल्या माशासारखाच असतो. ठिपके नसलेला मासा दाखवून पैसे कसे मागायचे? पकडतानाच काही मासे सायनाइडने गुंगवलेले असतात. ते दादांच्या टबातच, सगळं नीट करूनही, दहाव्या-बाराव्या दिवशी जातात. तो तोटा दादांचा. गेल्या वर्षी किती गेले ते त्यांनी सांगितलं नाही, मीही रेटलं नाही.

निघताना शेडच्या दाराजवळची टाकी दिसली. दगड, वाळू, दिवा, पंप, सगळं चालू, मासा मात्र एकही नाही. शेजारी भिंतीवर कालनिर्णय, तारखांवर लाल पेनाच्या रेघा.

"कितवा दिवस?"

"एक्केचाळिसावा."

वाळूवर काही हललंसं वाटलं म्हणून मी बोट काचेच्या कडेवरून आत नेलं. दादांनी मनगट धरलं नाही, नुसता पंचा पुढे केला. मघाशी निळ्या टबाच्या काठाला टेकले होते, माझे हात अजून ओले होते.

"आधी कोरडे करा, ताई."