गाडीतला साक्षीदार : परवडणारा डॅशकॅम निवडताना आणि वापरताना

उद्यमबागेत संध्याकाळी पाळी सुटली की खानापूर रोडवर काय होतं, हे तिकडे कामाला जाणाऱ्या कुणालाही सांगायला नको. कास्टिंग भरलेले टेम्पो, घरी निघालेल्या दुचाक्या, मधूनच येणारी एसटी. त्यात पाऊस असला तर बघायलाच नको.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका संध्याकाळी बाबा आपल्या वर्कशॉपकडे डावीकडे वळले आणि एका मोटरसायकलची धडक गाडीच्या मागच्या दाराला बसली. नशिबाने कुणाला लागलं नाही. "डावीकडून घुसतोस होय?" म्हणून बाबा तापले, चार माणसं जमली आणि त्या पोराने निमूटपणे दोन हजार रुपये काढून दिले.

महिनाभरापूर्वीच मी गाडीत डॅशकॅम बसवला होता. रात्री कौतुकाने कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. मोटरसायकल दिसत नव्हती, कारण कॅमेरा पुढे बघत होता. पण रस्त्याच्या मधून गाडी एकदम डावीकडे वळलेली स्पष्ट दिसली. आणि आवाज! त्याआधीच्या वळणावर इंडिकेटरची टकटक नीट ऐकू येत होती. या वळणावर नुसता वायपरचा आवाज होता. बाबांनी ते दोनदा ऐकलं आणि काही न बोलता उठले. दुसऱ्या दिवशी त्या पोराला शोधून त्यांनी पैसे परत केले. तो मागच्याच गल्लीतल्या फाउंड्रीत कामाला होता.

म्हणून डॅशकॅम घेणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते, की तो आपला वकील नाही, साक्षीदार आहे. चूक आपली असेल तर तेही तो सांगतो.

घेताना काय बघावं?

तीन ते पाच हजारांत घरच्या गाडीला पुरेल असा कॅमेरा मिळतो. चित्राची स्पष्टता किमान १०८० पी असावी. खोक्यावर '४ के' लिहिलेल्या अगदी स्वस्त कॅमेऱ्यात सेन्सर साधाच असू शकतो. त्यामुळे जाहिरातीपेक्षा वापरणाऱ्यांनी रात्री काढलेले व्हिडिओ आधी बघा. १३० ते १४० अंशांचा कोन पुरे. त्याहून रुंद असला तर रस्ता जास्त दिसतो, पण समोरच्या गाडीचा नंबर बारीक होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आतली बॅटरी. उन्हात काचा बंद करून ठेवलेली गाडी आत भट्टीसारखी तापते आणि लिथियम बॅटरी अशा उष्णतेने फुगू शकते. कपॅसिटर असलेला कॅमेरा उष्णता जास्त सोसतो. दोनशे-चारशे रुपये जास्त गेले तरी तोच घ्या.

तिसरी गोष्ट मेमरी कार्ड. डॅशकॅम एक ते तीन मिनिटांचे तुकडे करत राहतो आणि कार्ड भरलं की सगळ्यांत जुना तुकडा पुसून नवा लिहितो. सतत लिहिण्या-पुसण्याने साधं कार्ड लवकर दगा देतं. 'हाय एन्ड्युरन्स' प्रकारचं ६४ जीबी कार्ड घ्या. मिनिटाला साधारण १०० एमबी धरले तर दहाएक तासांचं चित्रण त्यात राहतं. धक्का बसला की जी-सेन्सर त्या वेळचा तुकडा कुलूपबंद करतो. त्याची संवेदनशीलता मात्र कमी ठेवा, नाहीतर आपल्या रस्त्यांवरचा प्रत्येक खड्डा अपघात म्हणून नोंदला जाईल आणि कार्ड त्यानेच भरेल.

बसवताना

कॅमेरा आरशाच्या मागे, वायपर जिथे काच पुसतो त्या भागात लावा. चोर्ला किंवा आंबोली घाटातल्या पावसात याचं महत्त्व कळतं. चालकाच्या नजरेआड काही येता कामा नये. वायर छताच्या कडेने खोचून बाजूच्या खांबातून खाली आणा. त्या खांबात एअरबॅग असेल तर वायर तिच्या पुढून नेऊ नका. खात्री नसेल तर कार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. गाडी उभी असतानाही चित्रण हवं असेल, तर बॅटरीचा दाब कमी झाल्यावर आपोआप बंद होणारं किट लागतं. रोज घराच्या आवारात गाडी लावणाऱ्यांना त्याची फारशी गरज नाही.

वापरताना

तारीख आणि वेळ नीट लावा. चुकीच्या तारखेचा पुरावा उगाच शंका निर्माण करतो. महिन्यातून एकदा कार्ड फॉरमॅट करा. रात्री समोरच्या दिव्यांमुळे नंबर प्लेट बहुधा उमटत नाही. म्हणून महामार्गावर, निपाणीच्या तवंदी घाटात वगैरे काही घडलं, तर नंबर मोठ्याने वाचा. केए २३, एमएच ०९, जो असेल तो. चित्रात नाही आला तरी आवाजात येतो.

आवाज नोंदला जातो, हे गाडीत बसणाऱ्यांनाही सांगा. घरचं बोलणं आणि दुसऱ्यांचे चेहरे ग्रुपवर टाकायची वस्तू नाहीत. कॅम्पातल्या लष्करी आवारात जाणार असाल तर कॅमेरा बंद करा.

अपघात झालाच तर आधी माणूस, मग व्हिडिओ. ११२ ला फोन करा आणि जखमीला मदत करा. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलं आहे. मग कॅमेरा बंद करून कार्ड काढून ठेवा, नाहीतर नवं चित्रण त्यावर चढत राहतं. व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल दाबून लहान होते, म्हणून मूळ कार्ड जपा आणि दुसरं वापरा.

कोर्टात चित्रण कसं मांडायचं, हा प्रश्न जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात गाजला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात उमेदवारी अर्ज भरतानाच्या व्हिडिओवरून वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं, की मूळ उपकरणच हजर केलं तर वेगळं प्रमाणपत्र लागत नाही, पण नक्कल दिली तर ते लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राची तरतूद आहे. त्यामुळे काही वाढलंच तर कार्डासकट वकिलांकडे जा.

आमच्याकडे खंडेनवमीला वर्कशॉपमधल्या यंत्रांबरोबर गाडीचीही पूजा होते. यंदा हार घालून झाल्यावर बाबांनी स्वतः कॅमेऱ्याची काच पुसली, तारीख तपासली आणि गाडी बाहेर काढली. कोपऱ्यावर वळण्याच्या बऱ्याच आधी इंडिकेटरची टकटक सुरू झाली. रस्ता रिकामा होता, तरीही.